आतली कड

(दृश्य: आंबा घाट, पावसाची सर. कॅमेरा पुढच्या चाकाच्या उंचीवर.)

साखरप्याहून घाट चढताना गाडी प्रत्येक वळणावर पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेवर रेलते. रोजची ये-जा आणि हवा थोडी कमी, की ती कड आधी झिजते. ही झीज उभ्या गाडीतही दिसते. फसवते ती आतली कड. बाहेरून नक्षी खोल, टायर धडधाकट. आत मात्र रबर संपून टायरच्या आतली पोलादी तार डोकावत असते.

स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, मोबाईल चाकामागे नेऊन फोटो काढा. तार दिसत नसेल तरच पुढची परीक्षा करा: तळहात टायरवर आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एकीकडे जाताना गुळगुळीत आणि परतताना करवतीसारखं टोचलं, तर टो बिघडलाय, म्हणजे चाकं सरळ समोर न बघता किंचित आत किंवा बाहेर वळली आहेत. टोचत नाही, पण आतली कड साफ गेली आहे, तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) किंवा लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, रबरी बुशवर संशय घ्या. ठराविक अंतराने खळगे पडले असतील, तर शॉकॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त.

हवेचं काम घरीच होतं. टायर गार असताना, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना मोजा. आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो धरू नका. गणपतीला पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन मुंबईहून निघताना स्टिकरवरचा पूर्ण भाराचा आकडा लागतो. परत गेल्यावर पुन्हा कमी करा.

(दृश्य: सारवलेलं खळं, गाडी जॅकवर, मागच्या चाकांना दगड.)

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करण्याआधी सांध्यांचा खेळ (सैलपणा) तपासा. हा क्रम चुकला की पैसे वाया जातात, कारण सैल सांध्यावर केलेलं अलाइनमेंट पुढच्याच खड्ड्यात हलतं. जॅकखाली जाड फळी घ्या, लाल मातीत तो रुततो. आधाराला लोखंडी स्टँडच लावा. जांभ्याचा चिरा अंगणात हाताशी असतो, पण तो सच्छिद्र. भाराखाली अचानक फुटू शकतो. चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनवर धरून हलवा: खटका आला तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचं टोक. बारा आणि सहावर आला तर बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) किंवा बेअरिंग. बुशचं रबर चिरलेलं दिसलं तर गॅरेज गाठा. ते प्रेसने बसवावं लागतं.

सगळं घट्ट असेल तर गाडी खाली घेऊन टो मोजा. सपाट जागेवर, स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी पाच-सहा मीटर पुढे ढकला. दोन्ही पुढच्या टायरवर पुढच्या बाजूला, टेप इंजिनखालून सरळ जाईल अशा एकाच उंचीवर, खडूने खूण करा आणि अंतर मोजा. मग त्याच खुणा मागे, तेवढ्याच उंचीवर येईपर्यंत गाडी पुढे सरकवून पुन्हा मोजा. मागच्यापेक्षा पुढचं अंतर कमी असेल तर टो-इन, जास्त असेल तर टो-आउट. एकूण तीन मिलिमीटरचा फरकही थोडा नाही: प्रत्येक चाक किलोमीटरमागे साधारण अडीच मीटर आडवं फरपटत जातं.

टाय रॉडचा लॉकनट खाऱ्या हवेत गंजून बसतो. तारेच्या ब्रशने घासून, आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मूळ जागी रंगाची खूण करा. स्टिअरिंग रॅकच्या टोकाला टाय रॉडवर बसलेल्या रबरी बुटाची (आवरणाची) क्लिप सैल करा, नाहीतर बूट पिळवटून फाटतो. टाय रॉड ॲक्सलच्या मागे असेल, तर रॉड लांब केल्याने टो-इन वाढतो. पुढे असेल तर उलटं. दोन्ही बाजूंना सारखाच फेरा द्या, नाहीतर स्टिअरिंग तिरकं राहतं. एका वेळी पाव फेऱ्याचाही अर्धाच, कारण पाव फेऱ्याने एकेका चाकाचा टो दीडेक मिलिमीटरनेही बदलू शकतो. लॉकनट घट्ट करून पुन्हा मोजा. तरीही नंतर यंत्रावर एकदा तपासून घ्याच. टेपला कॅम्बर दिसत नाही.

(दृश्य: हबवरचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा गंज, जवळून.)

चाक काढलं असेल तर हबचा दर्शनी भाग घासून साफ करा. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर चाक सपाट बसत नाही आणि बॅलन्सिंग करूनही थरथर जात नाही. नटच्या आट्यांना ग्रीस लावू नका. ग्रीस असेल तर त्याच जोरात नट प्रमाणाबाहेर आवळला जातो. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

कायद्याने नक्षी 1.6 मिलिमीटर लागते. आमचं मत, कोकणच्या पावसात 3 मिलिमीटरलाच टायर बदला, आणि मोजताना आत, मध्ये, बाहेर अशा तीन ठिकाणी मोजा. तार दिसलेला टायर स्टेपनी म्हणूनही ठेवू नका.