चौथं झेंडावंदन

मंडळी, बाकी महाराष्ट्रात सरकारी झेंडावंदन वर्षातून तीनदा होतं: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. आपल्या मराठवाड्यात चारदा. पुण्याच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो हमखास विचारतो, "१७ सप्टेंबरला काय असतं?" त्याच्यावर चिडू नका. आपल्या पोरांना विचारलंत तर तीही "झेंडा आणि मग जिलेबी" एवढंच सांगतील. तो आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

१५ ऑगस्ट १९४७ला औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तो निजाम, मीर उस्मान अली खान, भारतात सामील व्हायला तयार नव्हता आणि तिरंगा फडकवायला बंदी होती. निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी त्या दिवशी हैदराबादेत तो फडकवला आणि त्यांना अटक झाली. आज ज्या मानासाठी सरपंच आठवडाभर आधी नवा सदरा शिवून घेतात, त्याच कामाला तेव्हा तुरुंग होता! म्हणून मी म्हणतो, आपलं पहिलं झेंडावंदन १९४८चं नाहीच. ते १९४७चंच, फक्त बंदी मोडून केलेलं.

पुढे लोकांनी काय काय केलं पाहा. शिंदीची झाडं तोडली, कारण शिंदीवरच्या कराचा पैसा निजामाच्या तिजोरीत जाई. करोडगिरीची नाकी उठवली. करोडगिरी म्हणजे जकात. हा शब्द आता आजोबांच्या पिढीबरोबरच चालला. सरहद्दीपलीकडे बार्शी, उमरखेड अशा ठिकाणी निजामाशी लढणाऱ्यांचे सशस्त्र कॅम्प उभे राहिले.

१३ सप्टेंबर १९४८ला भारताच्या फौजा आत आल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. कारवाई लष्कराची, नाव मात्र 'पोलीस ॲक्शन', आणि आपणही अजून तेच म्हणतो. १५ ऑगस्टपासून मोजलं तर मधे ३९९ दिवस गेले.

आता एक गोष्ट, जी या दिवशीच्या भाषणांत सहसा कुणी काढत नाही. रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, गावं लुटली, माणसं मारली. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी आपल्या लातूरचा वकील. हे सांगायलाच हवं. पण फौजा आल्यावर सूडापोटी निरपराध मुसलमानही मारले गेले. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज होता, पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं गेली. उस्मानाबाद आणि नांदेड सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत होते.

त्या घरांत १७ सप्टेंबर कसा आठवतात, हे इतकी वर्षं भाषणं ठोकूनही मी कधी विचारलं नव्हतं. गेल्या वर्षी एका चाचांना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग आत हाक मारून त्यांनी चहा सांगितला. मीही पुढे विचारलं नाही.

मघाशी दारात एक आजोबा म्हणाले, "रझाकारीत आईनं मला कडेवर घेऊन बार्शी गाठली होती." आजोबा, उठू नका, बसूनच बोला. अरे, माईक तिकडे द्या.