डावीकडचं बटण

(पडद्यावर: बंद होऊ पाहणारी एक फाइल, समोर एक प्रश्न.)

बदल जतन करायचे का? विंडोजच्या रिवाजात ‘जतन करा’ सगळ्यात डावीकडे असतं. मॅकवर वर्षानुवर्षांची रीत उलटी: ‘जतन करा’ उजव्या टोकाला आणि डावीकडे ‘जतन करू नका’. लिनक्सवर खिडक्या-बटणं मांडणारं ग्नोम मॅकच्या वाटेनं जातं, तेच काम करणारं केडीई विंडोजच्या. बटण दाबताना आपण वाचत नाही, हात सवयीनं जातो. विंडोजवर सरावलेला हात मॅकवर तसाच डावीकडे गेला, की दुपारभराचं काम पुसलं जातं.

तिन्हीकडे चालणारा एकच प्रोग्राम लिहिणाऱ्यांसमोर हा पेच पहिल्यापासून आहे. १९९५ साली जावा ही प्रोग्रामिंगची भाषा आली. पडदा मांडायच्या तिच्या पहिल्या संचानं, एडब्ल्यूटीनं, बटणं, याद्या, खिडक्या त्या त्या सिस्टिमकडूनच मागून घेतल्या. पण एखादी सोय एका सिस्टिमवर नसली, की ती सगळ्यांनाच सोडून द्यावी लागे. पुढे जावाच्याच स्विंग या नव्या संचानं स्वतःच सगळं रंगवायला घेतलं. प्रोग्राम सगळीकडे सारखा दिसू लागला आणि सगळीकडे थोडा परकाही वाटू लागला.

माझ्या मते यातली खरी समज लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचात पाहायला मिळते, कारण तिथे दोन्ही वाटा आहेत. संवादचौकटीतली बटणं ते यजमान सिस्टिमच्या क्रमानं लावतं. विंडोजवर सेटिंग्ज ‘टूल्स’ मेनूत सापडतात, मॅकवर ॲपच्या नावाच्या मेनूत. मॅकवाला तिथेच शोधणार. फाइल उघडायची खिडकीही सिस्टिमचीच, कारण आपले फोल्डर माणसाला तिथेच ओळखीचे वाटतात.

अक्षरांचं मात्र वेगळं आहे.

(पडद्यावर एकाखाली एक दोन शब्द: दर्या. दऱ्या.)

एकात रफार, दुसऱ्यात आडवा र. संगणकाच्या लेखी अक्षरांचे कोड नुसते एकापुढे एक ठेवलेले असतात. त्यांचं जोडाक्षर करायचं, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणायची, रफार वर चढवायचा, हे काम अक्षरजुळणी करणारं इंजिन करतं. विंडोजचं यूनिस्क्राइब, मॅकचं कोअर टेक्स्ट, लिनक्सवर हार्फबझ. यजमान बदलला की इंजिन बदलायचं, आणि त्यासोबत ओळ कुठे तुटते, पान कुठे संपतं हेही बदलू शकायचं. पत्रिका, अर्ज, प्रबंध लिहिणाऱ्याला हे कसं चालावं? २०१७ साली ५.३ या आवृत्तीत लिबरऑफिसनं तिन्हीकडे हार्फबझच वापरायला घेतलं. बटणं यजमानाची, अक्षरजुळणी स्वतःची.

एवढ्यानं सगळं मिटत नाही. विंडोजवरचा मंगल फॉन्ट मॅकवर असेलच असं नाही. त्याच्या जागी दुसरा आला, की तोच शब्द कमी-जास्त रुंद होतो. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतात, पण मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामनं फॉन्टला सांगितलं तरच ते दिसतात. आणि रोमन अक्षरांच्या मापानं बटणाची उंची पक्की केली, तर वरच्या मात्रा नि खालचे उकार कापले जातात. म्हणून बटणाची उंची आकड्यात बांधू नये, मजकुरावरून ठरू द्यावी.

(पडद्यावर: तीन संगणक, एकच फाइल.)

तिन्हीकडे ‘दऱ्या’ सारखाच उमटला आहे. ‘जतन करा’ मात्र जिथल्या तिथे: विंडोजवर डावीकडे, मॅकवर उजवीकडे.