दुसरा ठसा टाकून देऊ नका

मंडळी, ठसेकाम कधीच घेतलं नाही असा चित्रकलेचा शिक्षक क्वचितच सापडेल. बटाटा कापला, रंगात बुडवला, कागदावर टेकवला, झालं फूल, संपला तास. मला त्या फुलानंतरच्या वेळाबद्दल बोलायचं आहे. चार ते आठ वर्षांच्या मुलांसोबत काम करताना माझं मत पक्कं होत गेलं, की मुलाने पाच निरनिराळे ठसे एकेकदा उमटवण्यापेक्षा एकच ठसा पाचदा उमटवावा.

आधी बटाट्याचंच घेऊ. कापल्यावर त्याला पाणी सुटतं आणि रंग त्यावरून घसरतो. म्हणून फडक्याने टिपून घ्या, पाच-दहा मिनिटं सुकू द्या. रंग वाटीत ओतू नका. ओलसर स्पंजवर घट्ट पोस्टर कलर पसरा आणि ठसा त्यावर टेकवायला सांगा. कागदाखाली वर्तमानपत्राची जाडसर घडी असू द्या, कारण टणक बाकावर आकार अर्धाच उमटतो. सुरी अर्थातच आपल्या हातात.

पहिला ठसा दाट, थबथबीत येतो. रंग पुन्हा न लावता दुसरा काढायला लावा. आता सुरीची रेघ, कडेची खाच दिसू लागते. तिसरा पुसट. मुलं लगेच विचारतात, ‘खराब झाला का?’ तेव्हा तिन्ही शेजारी शेजारी मांडायचे आणि विचारायचं, यातला जवळचा कुठला आणि लांबचा कुठला? एकदा सहा वर्षांची एक मुलगी पुसट ठशावर बोट ठेवून म्हणाली, ‘हा धुक्यात गेलाय.’ लांबचं फिकट दिसतं, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

पानाचा ठसा याहून सोपा, आणि मला स्वतःला सगळ्यात प्रिय. रंग पानाच्या मागच्या बाजूला लावायचा, शिरा तिथेच उठावदार असतात. पान ताजं हवं, पण तासभर जाड वहीखाली दाबून सपाट केलेलं. वर कागद ठेवून बोटांनी हलके चोळायचं. लिओनार्दो दा विंचीच्या कोडेक्स अटलांटिकस या कागदपत्रांच्या संग्रहातही सेजच्या पानाचा असाच ठसा आहे. मुलांना हे जरूर सांगा. एवढ्या मोठ्या माणसानेही पानाला रंग फासला होता, याचा त्यांना फार आनंद होतो.

सहा-सात वर्षांच्या मुलांना फोमचा पातळ तुकडा द्या. बोथट पेन्सिलीने त्यावर चित्र दाबून काढायचं, रोलरने रंगाचा पातळ थर द्यायचा आणि कागद ठेवून दाबायचं. दाबलेल्या रेषेत रंग पोचत नाही, म्हणून रेषा पांढरी राहते. रंग लवकर सुकत असेल तर त्यात ग्लिसरीनचे दोन थेंब घाला.

इथे एक घोटाळा हमखास होतो. मूल हौसेने स्वतःचं नाव लिहितं आणि कागदावर ते उलटं येतं. काही मुलं रडवेली होतात. आधीच बजावून ठेवू नका, उलटं येऊ द्या. मग आरसा आणून समोर धरा. पुढे ‘उलटूनही तसंच राहणारं अक्षर शोधा’ असा खेळ लावा. ‘क’ फसतो, ‘ग’ फसतो. कुणाला तरी ‘ठ’ सापडतो, ठशातलाच ठ, आणि वर्गात आरडाओरडा होतो. चीनमध्ये इ. स. ८६८ साली छापलेली वज्रसूत्र या बौद्ध ग्रंथाची गुंडाळी आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिची अक्षरं लाकडावर अशीच उलटी कोरली होती, हे सांगायची योग्य वेळ हीच.

दोन रंग हवे असतील तर पिवळा आधी, तो पूर्ण सुकल्यावर निळा. एवढं पुरे, लहान वयात तिसऱ्या रंगाची घाई नको.

छापचित्रकार चित्राखाली पेन्सिलीने क्रमांक घालतात, पाच प्रतींमधली दुसरी असेल तर २/५. मुलांनाही तो घालू द्या, शेजारी सही करू द्या. मग प्रती आपसांत वाटायच्या. प्रत्येकाच्या हाती मित्रांची चार चित्रं येतात आणि स्वतःची प्रत उरते ती सगळ्यात पुसट, ५/५. ती फळ्याजवळच्या दोरीवर वाळत घाला, पुढच्या तासाला तिच्यावरच खडूने चितारायचं आहे.