नभाचा गळलेला 'स'

नमस्कार श्रोतेहो. "आज नभ भरून आलंय, छत्री घे" असं घरात कुणी म्हणालं, तर आपण हसू. 'नभ' आपण कवितेसाठी राखून ठेवलाय. प्रागमध्ये आणि वॉर्सामध्ये मात्र त्याचं भावंड रोजच्या बोलण्यात आहे. चेक माणूस आकाशाला 'नेबे' म्हणतो, पोलिश 'न्येबो'.

या दोघांची आई म्हणजे आद्य-स्लाव्ह भाषेतलं, म्हणजे चेक, पोलिश, रशियन या साऱ्यांच्या मूळ भाषेतलं 'नेबो'. ती भाषा कुणीच लिहून ठेवली नाही. लेकींच्या तोंडावळ्यावरून आईचा चेहरा काढावा, तशी अभ्यासकांनी ती उभी केली. म्हणून पुस्तकात अशा शब्दाआधी चांदणी छापतात. रेडिओवर ती ऐकू येत नाही. आहे असं समजा.

खरी गंमत विभक्तीत आहे. संस्कृतात मूळ शब्द 'नभस्'. संस्कृत आणि स्लाव्ह भाषा एकाच जुन्या कुळातल्या, म्हणून शेवटचा 'स' तिकडेही होता. स्लाव्ह लोकांच्या तोंडी शब्दाच्या शेवटी व्यंजन टिकेना, म्हणून हा 'स' गळला आणि 'नेबो' उरलं. पण प्रत्यय लागला की 'स' दोन स्वरांच्या मधे येतो आणि वाचतो. आकाशाचं म्हणजे 'नेबेसे', आकाशाला 'नेबेसि', अनेकवचन 'नेबेसा'. आपल्या सामान्यरूपासारखंच हे. फक्त इथे बदललेलं रूपच जुनं आहे! मराठीतही हा 'स' असाच दडलाय. आपण 'तेज' म्हणतो, 'यश' म्हणतो, पण 'तेजस्वी', 'यशस्वी' म्हणताना तो हजर होतो.

अर्थाचं म्हणाल, तर ग्रीकमध्ये 'नेफोस' म्हणजे ढग, हित्तीमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्राचीन भाषेत, 'नेपिश' म्हणजे आकाश. आपल्याकडे श्रावणाचं जुनं नाव 'नभस्' आणि भाद्रपदाचं 'नभस्य'. पावसाळ्यात ढग आणि आकाश वेगळे काढणार तरी कसे?

पुढे रशियनांनी एकवचनातून 'स' काढून टाकला. इतर नपुंसकलिंगी नामांसारखंच ते चालवू लागले. अनेकवचनात मात्र तो राहिला: 'नेबेसा', म्हणजे स्वर्ग, प्रार्थनेतला आणि काव्यातला. आकाशाचा उच्चारही त्यांनी चर्चच्या जुन्या भाषेतून घेतला. घरचा उच्चार 'न्योबो', तो तोंडातल्या घुमटाला, म्हणजे टाळूला, उरला. त्यातल्या अक्षरावर दोन टिंबं द्यायची असतात. छापताना ती बहुधा गाळतात, आणि मग कागदावर आकाश आणि टाळू अगदी सारखेच दिसतात.