बॅलेचं संगीत एलपीवर : मर्यादित आवृत्ती घेताना काय तपासायचं

मंडळी, पेट शॉप बॉइज ही ब्रिटिश पॉप जोडी म्हटलं की बहुतेकांना डिस्कोचा ठेका आठवतो. याच जोडीनं, म्हणजे नील टेनंट आणि ख्रिस लो यांनी, अख्ख्या तीन अंकी बॅलेला संगीत दिलंय. ‘द मोस्ट इन्क्रेडिबल थिंग’ हा तो बॅले मार्च २०११ मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात रंगमंचावर आला. नृत्यरचना हावियेर दे फ्रुतोस यांची, कथा हान्स क्रिस्तियन अँडरसनची, १८७० सालची. जो सगळ्यात अचाट गोष्ट करून दाखवेल त्याला राजकन्या आणि अर्धं राज्य, अशी दवंडी पिटली जाते. एक तरुण विलक्षण घड्याळ बनवतो आणि दुसरा ते कुऱ्हाडीनं फोडतो. परीक्षक म्हणतात, फोडणं जास्त अचाट! पुढे घड्याळातल्या आकृत्याच जिवंत होऊन त्या फोडणाऱ्याचा निकाल लावतात.

संगीतात सिंथेसायझर आणि ड्रम मशीन आहेच, जोडीला पोलंडमधल्या व्रोत्स्वाफचा पूर्ण वाद्यवृंद आहे. वाद्यवृंदासाठीची मांडणी स्वेन हेल्बिग यांची. सीडीवर हे दोन तबकड्यांत निघालं, एलपीवर मर्यादित आवृत्तीत. व्हिनाइलवर, म्हणजे एलपीच्या प्लॅस्टिकच्या तबकडीवर, असलं संगीत उतरवायचं म्हणजे डोकेदुखी असते, आणि ती कळली की आवृत्ती पारखणं सोपं जातं.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला आवाज कोरलेली खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. फेऱ्याला वेळ तेवढाच, पण जागा निम्म्याहून कमी. त्यामुळे आत आत जाताना झांजा, व्हायोलिनचे वरचे स्वर, ‘स’ आणि ‘श’ चरचरायला लागतात. पॉपच्या अल्बममध्ये यावर तोडगा सोपा असतो : शेवटचं गाणं संथ ठेवायचं. बॅलेत तशी सोय नाही. क्रम कथेनं ठरवलेला, आणि अंक संपतो तो बहुधा सगळा वाद्यवृंद एकदम वाजत असताना. म्हणजे सगळ्यात मोठा आवाज नेमका सगळ्यात अरुंद जागेत येऊन पडतो.

उपाय एकच, बाजू तोकड्या ठेवायच्या. एका बाजूला १८ ते २० मिनिटं ठीक. २४-२५ मिनिटं भरली की खाचा जवळजवळ घ्याव्या लागतात, आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि हळुवार जागी सुईची खरखर वर येते. खर्जाचा प्रश्न वेगळा. सिंथेसायझरचा खर्ज डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वेगवेगळा पसरलेला असेल तर कटिंगची, म्हणजे मूळ तबकडीवर खाच कोरणारी, सुई वर-खाली उसळते, खाच कुठे उथळ तर कुठे खोल होते. म्हणून कटिंग इंजिनिअर साधारण १५० हर्ट्झच्या खालचं सगळं मध्यावर, म्हणजे दोन्ही स्पीकरमध्ये सारखं, आणतो. माझ्या मते मर्यादित आवृत्तीचं पान उघडल्यावर आधी प्रत्येक बाजूची मिनिटं पाहावीत. १८० ग्रॅम, रंगीत व्हिनाइल, सोनेरी छपाई हे नंतर. १८० ग्रॅमची तबकडी हाताला भक्कम लागते, पण त्यामुळे खाच काही सुधारत नाही.

आता मर्यादित आवृत्तीच्या प्रतींवर असतो त्या ‘५०० पैकी अमुक क्रमांक’ याबद्दल. लाखेच्या तबकडीवर कटिंग होतं, तिच्यावर चांदीचा थर देऊन निकेलच्या प्रती काढतात, आणि शेवटची प्रत म्हणजे स्टँपर, रेकॉर्डचा साचा. तापवून मऊ केलेला पीव्हीसीचा गोळा दोन स्टँपरच्या मध्ये सुमारे १०० टनांच्या दाबाखाली दाबला जातो, लगेच थंड करतात, कडा कापतात. अर्ध्या मिनिटाच्या आसपास एक रेकॉर्ड. स्टँपरची एक जोडी साधारण हजार प्रती काढते, त्यामुळे ५०० प्रती एकाच जोडीतून आरामात निघतात. शिवाय क्रमांक पडतो कव्हरवर, तोही नंतर. सात नंबरची प्रत चारशे नंबरपेक्षा चांगली वाजेल हा निव्वळ गैरसमज आहे. या जोडीच्या ‘येस’ अल्बमची २००९ ची आवृत्ती व्हिनाइल फॅक्टरी या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीची, ११ तबकड्यांची होती, प्रती फक्त ३००. त्या आवृत्त्यांचा मान वस्तू म्हणून आहे, आणि त्यात गैर काही नाही. बॅलेची आवृत्तीही त्याच पठडीतली. व्हिनाइल फॅक्टरीचा कारखाना लंडनच्या पश्चिमेला हेजमध्ये, पूर्वीचा ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा. आपल्याकडच्या नाट्यसंगीताच्या रेकॉर्डवर कुत्र्याचं चित्र असे, त्या ग्रामोफोन कंपनीचं बिऱ्हाडही हेजलाच होतं.

प्रत हातात आली की तिरप्या उजेडात धरा. खाचांमध्ये पांढुरके, टाके घातल्यासारखे ठिपके दिसले तर व्हिनाइल साच्यात नीट भरलेलं नाही. वाजवताना तिथे ‘फर्रर्र’ असा आवाज येतो, बहुतेकदा एकाच स्पीकरमधून. धुऊन तो जात नाही, रेकॉर्ड परत करा.

दुसरा दोष मधल्या भोकाचा. भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं तरी लेबलाजवळ स्वर अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका वर जातो आणि तितकाच खाली येतो, दर १.८ सेकंदांनी एकदा. ड्रमच्या ठेक्यात हे लपतं. व्हायोलिनच्या लांब स्वरात किंवा पियानोच्या सुट्या सुरात मात्र पोटात ढवळल्यासारखं होतं. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) डावी-उजवीकडे झुलतो का, ते डोळ्यांनी बघा, कानापेक्षा आधी कळतं.

ऐकायचं तर प्रत्येक बाजूची शेवटची दोन मिनिटं ऐका. तिथे चरचर आली तर लगेच प्रेसिंगला, म्हणजे कारखान्यातल्या छपाईला, दोष देऊ नका. काट्रिज (सुई असलेला टोकाचा भाग) नीट बसवलंय का, सुईचा भार कंपनीनं सांगितलाय तेवढा आहे का (बऱ्याच काट्रिजना १.८ ते २ ग्रॅम लागतो), अँटिस्केट (टोनआर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला ताण) बरोबर आहे का, हे आधी तपासा. साध्या गोल टोकाच्या सुईवर आतल्या खाचा कधीच स्वच्छ वाजत नाहीत.

परदेशातून मागवताना विक्रेत्याला सांगा, तबकडी कव्हरच्या बाहेर काढून, आतल्या पाकिटासकट कव्हरच्या मागे ठेव. आत ठेवली तर प्रवासात धक्क्यानं तीच कव्हरची शिवण फाडते. कस्टम्सची ड्युटी मालाची किंमत, टपालखर्च आणि विमा मिळून लागते, तोही हिशेब आधीच धरा.

‘सीलबंद ठेवली तर भाव येतो’ हे खरं. पण ते घट्ट आवळलेलं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं आकसत राहतं, मोठ्या कव्हरचे कोपरे वाकवतं, कधी रेकॉर्डही वाकवतं. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात आतला ओलावा बाहेर पडत नाही आणि पुठ्ठ्यावर बुरशी येते. प्लॅस्टिक कापा, सैल पॉलिथिनचं कव्हर घाला, रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकमेकींना टेकून तिरप्या नकोत. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून नको. आणि आवृत्तीसोबत सहीचा छापील कागद आला असेल तर तो वेगळ्या, आम्लरहित पाकिटात ठेवा. नव्या पुठ्ठ्यातलं आम्ल आधी त्यालाच पिवळं करतं.