बारीक नळीची बाजू

(वाशीत जुन्या फोर-बाय-फोर गाड्या बाळगणाऱ्या मंडळींसमोर झालेलं भाषण, लिहून काढून थोडं नीट केलेलं.)

मंडळी, विषय ठरलाय जुन्या फोर-बाय-फोर पिकअपला हेडर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा जळालेला गॅस वेगळ्या नळीने बाहेर नेऊन पुढे एकत्र करणारा नळ्यांचा संच, कसा निवडावा. ते सांगणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलून घेतो, कारण मला ती मनापासून लागते. हेडर घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "यापेक्षा जाड नळी आहे का?" नळी जेवढी जाड तेवढी गाडी जोरात, हे आपण कुठून उचललं कोण जाणे. ट्रॅकवरच्या गाडीला ते चालेल. आपल्या पिकअपला नळी बारीक हवी आणि लांब हवी. आज एवढं एक जरी पटलं तरी माझं काम झालं.

बघा, आपली गाडी दम कुठे मागते? माळशेजचा चढ, मागे सामान, पावसाळ्यात फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकून चिखलातून बाहेर येणं. हे सगळं 1500 ते 3000 आरपीएममध्ये चालतं. 5500 ला जुना पिकअप कोण नेतं? हात वर करा. एक हात दिसतोय! त्यांच्या क्लच प्लेटची मला काळजी वाटते.

एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडला की जळालेला गॅस धक्क्याने नळीत शिरतो. 3000 आरपीएमला हे प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला 25 वेळा होतं. धक्का नळीच्या टोकाला, चार नळ्या एकत्र येतात तिथे पोचला की कमी दाबाची लाट उलटी सिलिंडरकडे येते. ती येईपर्यंत एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पुरता मिटलेला नसेल आणि इनटेकचा उघडायला लागला असेल, तर ती उरलासुरला गॅस ओढून काढते आणि ताजा चार्ज, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, जास्त आत येतो. सगळा खेळ ही लाट वेळेवर येण्याचा आहे. लांब नळीत ती उशिरा परत येते, म्हणजे कमी आरपीएमला कामी येते. आणि नळी बारीक असली की गॅसचा वेग टिकतो.

आता आकडा घ्या. टोयोटाचं 22आर इंजिन 2366 सीसीचं, म्हणजे एका सिलिंडरला साधारण 590 सीसी. त्याला 16 गेजची (गेज म्हणजे पत्र्याची जाडी) दीड इंची नळी छान बसते. तिथे पावणेदोन इंची घातली तर आतली जागा जवळजवळ 40 टक्क्यांनी वाढते. गॅस तेवढाच, वाट रुंद, मग वेग पडणार. जिप्सी किंग 1298 सीसीची, तिला तर सव्वा इंच पुष्कळ झालं.

दुसरा प्रश्न, फोर-टू-वन की फोर-वन? म्हणजे चार नळ्या आधी दोनात आणि मग एकात आणायच्या, की चारही थेट एकात? चार सिलिंडरची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, बहुधा 1-3-4-2. एकानंतर तीनचा नंबर इंजिनाच्या अर्ध्या फेरीने, 180 अंशांनी येतो आणि त्या वेळी एकचा व्हॉल्व्ह अजून बंद झालेला नसतो. ठाणे स्टेशनला दोन लोकल एकदम लागल्या आणि दोन्हीकडची माणसं एकाच जिन्यावर चढली की काय होतं ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून फोर-टू-वनमध्ये एक आणि चारची जोडी करतात, दोन आणि तीनची दुसरी. जोडीतल्या दोघांत 360 अंशांचं अंतर पडतं, कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. खालचा आणि मधला टॉर्क यातून मिळतो. फोर-वन वरच्या आरपीएमला चांगला, पण ती आपली गरज नाही.

आता माझ्या भाच्याच्या गाडीचं सांगतो. उजव्या स्टिअरिंगची, बाहेरून आणलेली जुनी हायलक्स, तेच 22आर इंजिन, कार्ब्युरेटरवालं. गाडी गुणी. तिचा मूळचा ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड, ज्याच्या जागी हेडर बसतो तो, धड होता, कुठे चीर नाही. तरी एका दुकानात त्याला फोर-वन हेडर विकला, पावणेदोन इंची, चकचकीत स्टीलचा. "आवाज ऐका साहेब," एवढंच त्या दुकानदाराचं शास्त्र. भाचा गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, आवाज भारी झालाय, पण गाडी चढाला उठत नाही. सेकंडमध्ये जायची तिथे फर्स्ट टाकावा लागतो."

बॉनेट उघडलं. 22आरला एक्झॉस्ट उजव्या बाजूला असतो. या इंजिनाचे कॅटलॉगमधले बरेच हेडर अमेरिकेसाठी बनतात, म्हणजे डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी, त्यामुळे उजवी बाजू त्यांना मोकळी मिळते. आपल्याकडे स्टिअरिंगचा शाफ्ट नेमका तिथूनच खाली उतरतो. हेडर शाफ्टला लागत होता. मग फिटरने काय करावं? नळी तापवून हातोड्याने चेपली होती! तिसऱ्या नळीला तळहाताएवढा खळगा, वरून चंदेरी रंग मारलेला. मी बोट फिरवलं तर खळग्याच्या कडेला हातोड्याच्या तोंडाची गोल खूण लागली. एवढं करूनही शाफ्टमध्ये आणि नळीत बोटभर जागा नव्हती. तापलेली नळी स्टिअरिंगच्या जॉइंटला चिकटून, आणि माणूस अशी गाडी घेऊन घाटात जातो! मला याचा राग येतो आणि आजही तो गेलेला नाही. गाडीचा जोर कमी झाला तर झाला, पण स्टिअरिंगशी असा खेळ कोणी करू नये.

पुढे पॅकिंग. फ्लँज, म्हणजे हेडर इंजिनाला बोल्टने बसतो ती पट्टी, जेमतेम 6 मिलिमीटरची. ती तापून वाकली होती. सकाळी गार इंजिन चालू केलं की टिक-टिक आवाज, गरम झालं की बंद. पुष्कळ जण याला टॅपेट समजून टॅपेट आवळत बसतात. पोर्टच्या (इंजिनातून गॅस बाहेर पडतो त्या भोकाच्या) कडेला काळ्या काजळीची रेघ दिसली की समजा पॅकिंग गॅस सोडतंय. इंजिन गार असताना सांध्यावर साबणाचं पाणी सोडा, चालू करून कोणाला तरी सायलेन्सरच्या तोंडाशी क्षणभर फडका धरायला लावा. जिथे बुडबुडे, तिथे गळती. भाच्याचा जुना मॅनिफोल्ड सुदैवाने घरीच होता. तुर्भ्याला एका वर्कशॉपमध्ये त्याचं तोंड ग्राइंड करून सपाट केलं, नवे स्टड, नवं पॅकिंग. गाडी पुन्हा सेकंडमध्ये चढायला लागली. म्हणून म्हणतो, धड असलेला ओतीव मॅनिफोल्ड भंगारात घालू नका. कित्येक गाड्यांना तोच योग्य आहे.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. मग निवडीचे मुद्दे भराभर घेतो.

धातू. खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, साधं माइल्ड स्टील आपल्याकडे लवकर गंजतं. वर उष्णता राखायची पट्टी गुंडाळली तर ती ओल धरून ठेवते आणि नळी आतल्या आत सडते. 304 स्टेनलेस गंजाला चांगलं, पण तापल्यावर जास्त वाढतं. अर्धा मीटर नळी 600 अंशांनी तापली तर 304 साधारण 5 मिलिमीटर वाढेल, माइल्ड स्टील साडेतीनच्या आसपास. म्हणून फ्लँज 10 मिलिमीटरची घ्या, आणि खाली स्लिप जॉइंट, म्हणजे एक नळी दुसरीत सरकेल असा सांधा, आहे का बघा. सगळीकडून वेल्ड मारून जखडलेला हेडर कुठेतरी तडकणारच.

डिझेलवाले. टर्बो असेल तर हेडरचा नाद सोडा. टर्बो मॅनिफोल्डवरच बसतो, तिथे चीर आणि तुटलेले स्टड तपासा, पैसे त्यात घाला. टर्बो नसलेल्या डिझेलला फरक पडला तरी थोडाच.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) असेल तर काढू नका. मुंबईसह चार महानगरांत तो 1995 पासून नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचा झाला, पीयूसी आहे, शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे. हेडर बसवण्याआधी आरटीओत विचारा. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत त्याची जागा चारही नळ्या एकत्र आल्यानंतर लगेच ठेवा. फार मागे नेला तर गार पडून चुकीचं वाचतो. तो नळीच्या वरच्या अंगाला तिरका बसवा, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. कार्ब्युरेटर असेल तर हेडर बदलल्यावर मिश्रण पुन्हा तपासून घ्या.

घेण्याआधी हेडर गाडीखाली धरून बघा. स्टिअरिंगचा शाफ्ट, स्टार्टर, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट, क्लचचा पाइप, सगळीकडे बोट फिरेल एवढी जागा हवी. इंजिन माउंटिंगवर हलतं हे लक्षात ठेवा. बसवल्यावर दोन-तीनदा तापून गार झालं की नट पुन्हा आवळा, आणि ते गार असतानाच, मधल्या पोर्टपासून बाहेर जात.

प्रश्न खाली घेतो. ज्यांच्या गाड्या पार्किंगमध्ये उभ्या आहेत त्यांनी बॉनेट उघडून ठेवा, पण इंजिन चालू करू नका. साबणाचं पाणी मी आणलंय.