मोहिनी: मोठ्या पडद्यावरची पहिली लेक

बठ्ठासले राम राम!

जळगावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. लहानग्या नारायणाचं गाण्याचं शिक्षण मेहबूब खाँसाहेबांकडे जळगावातच झालं, याचा आपल्याला केवढा अभिमान! हा गडी शालू नेसून रंगभूमीवर आला की रसिक जीव ओवाळून टाकत. त्याच काळात एक खरीखुरी बाई नाटकात उभी राहिली, तर जातभाईंनी तिला वाळीत टाकलं. ती दुर्गाबाई कामत. नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरात एक लहान मुलगी. पोटासाठी फिरत्या नाटक मंडळीत शिरली. लेक कमला चार-पाच वर्षांची असल्यापासून रंगमंचावर.

१९१३ साली आलेल्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटासाठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना. नाचगाण्यातल्या बायकांनीसुद्धा नकार दिला. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच वर्षी फाळक्यांचाच 'मोहिनी भस्मासुर' आला. त्यात दुर्गाबाई पार्वती आणि तेरा वर्षांची कमला मोहिनी. भारतीय कथापटात काम करणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. मोहिनी कशी नाचली, कोणाला बघायला मिळणार नाही.

कमलाबाईंचं नाव 'पहिली नायिका' म्हणून प्रश्नमंजूषेत येतं. मला ते फार अपुरं वाटतं. पुढची सगळी वर्षं त्यांनी राबून काढली, ती कोण विचारतो? रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं. पंचविशीत वैधव्य आलं, तेव्हा तिसरं मूल पोटात होतं. कमलाबाई उभ्या राहिल्या त्या रंगमंचावरच, प्रसंगी पुरुष भूमिकासुद्धा केल्या. (अण्णा साळुंक्यांची बरोबर परतफेड!) मुलगे लालजी आणि सूर्यकांत तबलावादक, चंद्रकांत नट, विक्रम गोखले त्यांचे नातू. म्हातारपणीही त्यांनी चित्रपटांत कामं केली. १९९७ साली गेल्या.

आपल्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूतला सिनेमा बघितलेले काहीजण इथे बसलेत. तो बोलपट होता, तरी शिट्ट्यांमुळे संवाद कुठे ऐकू यायचे? मूकपटाच्या वेळी पडद्यापुढे पेटी-तबला वाजायचा, मजकुराच्या पाट्या कोणीतरी मोठ्यांदा वाचायचं, कारण बहुतेक लोकांना अक्षर कळत नसे. पाटी वाचणाऱ्याची मिजास नटापेक्षा जास्त!

म्हणून आज 'कालिया मर्दन'मधला थोडा भाग दाखवतोय, १९१९ सालचा. त्यात कृष्ण झालीय फाळक्यांची लेक मंदाकिनी. तबल्यावर आपल्या मंडळाचीच पोरं बसतील, पाट्या मी वाचेन. वरण-बट्टी आणि भरीत तयार आहे. पंगत आधी की पडदा आधी, ते बायकांनी ठरवावं.